तीन टर्मिनलचा डिजिटल अर्थ टेस्टर: शेतातल्या घराचं अर्थिंग दर वेळी वेगळं रीडिंग का देतं ते शोधताना आलेला अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. घर शेतात आहे, बोअरची मोटर आहे, आणि अर्थिंगचं रीडिंग जो मोजेल त्याला वेगळंच येतंय अशी परिस्थिती असेल तर तीन टर्मिनलवाला डिजिटल अर्थ टेस्टर घ्या किंवा ज्याच्याकडे तो आहे आणि वापरता येतो अशा माणसाला बोलवा. मल्टिमीटरने हे काम होत नाही, आणि फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून "बघा किती लखलखीत लागला" असं म्हणणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. मी स्वतः हा मीटर आमच्या घरी भरपूर वापरलाय, कोरड्या दिवसांत, पावसानंतर, मोटर चालू असताना, बंद असताना, आणि माझं मत पक्कं झालंय की मीटर चांगला आहे पण डब्यातलं माहितीपत्रक फारच तोकडं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे अर्थिंगच्या एकाच रॉडचे, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या सळईचे, तीन आकडे होते. एका वायरमनने मोजलं तेव्हा २४ ओहम (ओहम म्हणजे करंटला जमिनीत शिरताना होणारा अडथळा, कमी तेवढा बरा), दुसऱ्याने मोजलं तेव्हा साडेसहा, आणि या मीटरने मी रॉड सुटा करून मोजलं तर ३८. आता सामान्य माणूस काय म्हणणार, मीटर बिघडलेत. पण तसं नव्हतं, तिन्ही मीटर धड होते. प्रत्येकाने मोजलेली गोष्टच वेगळी होती, आणि हे एकदा डोक्यात बसलं ना की मग "रीडिंग स्थिर का येत नाही" हा सगळा गोंधळ बऱ्यापैकी सुटतो.

मीटर काय करतो ते थोडक्यात. तीन टर्मिनल, ई, पी आणि सी. ई म्हणजे आपला अर्थिंगचा रॉड. सी आणि पी म्हणजे जमिनीत ठोकायच्या दोन छोट्या लोखंडी खुंट्या, सी सगळ्यात लांब, पी दोघांच्या मध्ये, तिन्ही एका सरळ रेषेत. मीटर ई आणि सी मधून जमिनीतून ठरावीक करंट सोडतो, ई आणि पी मध्ये किती व्होल्टेज पडलं ते बघतो, आणि भागाकार करून ओहम दाखवतो. करंट एसी असतो, कारण डीसी सोडला तर ओल्या मातीत धातूवर बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि आकडा सरकत राहतो. शिवाय त्याची फ्रिक्वेन्सी मुद्दाम लायनीच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या पटीत ठेवत नाहीत, म्हणजे जमिनीत भटकणारा लायनीचा करंट गाळून टाकता येतो. मल्टिमीटरमध्ये यातलं काहीच नाही. ओहमवर ठेवून रॉड आणि दुसऱ्या कुठल्यातरी खिळ्यामध्ये प्रोब लावले तर तो डीसीने मोजतो, त्यात खिळ्याचा रेझिस्टन्स पण मिसळलेला असतो जो रॉडपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो, प्रोब उलटे लावले की आकडा बदलतो, कधी तर मायनस दाखवतो. आणि व्होल्टवर ठेवून फेज-अर्थ २३० दाखवलं म्हणजे अर्थिंग मस्त, हा तर सगळ्यात मोठा गैरसमज. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे अर्थिंग हजारो ओहमचं म्हणजे जवळजवळ तुटलेलं असलं तरी तो २३० च दाखवणार.

बल्बचं पण गणित करून बघा. १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर अंदाजे ०.४३ अँपिअर घेतो. अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी त्यावर साधारण २० व्होल्ट पडतात आणि बल्बला २१० च्या आसपास मिळतात, डोळ्याला फरक कळणार पण नाही. आणि अर्थची वायर मध्येच कुठे तुटलेली असेल तर तुम्ही बल्बमधून फेज थेट घरातल्या सगळ्या धातूच्या बॉड्यांवर सोडलात, फ्रीज, गीझर, पंपाचा स्टार्टर, सगळं. कोणी हात लावून उभं असेल तर? त्यामुळे ही टेस्ट करूच नका, आणि कोणाला करूही देऊ नका.

आता या मीटरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जी लोक वापरतच नाहीत. रेझिस्टन्सचं बटण दाबायच्या आधी त्याचा अर्थ व्होल्टेजचा रेंज लावून बघायचा. म्हणजे मीटर स्वतः काही सोडत नाही, जमिनीत आधीपासून किती व्होल्ट आहेत तेवढं सांगतो. हे १० व्होल्टच्या वर असेल तर पुढचं रीडिंग भरवशाचं नाही असं अशा मीटरांच्या बाबतीत सर्रास धरतात, पण माझं म्हणणं असं की त्यापेक्षा कमी असलं तरी तो आकडा बदलतोय का ते बघा. आमच्याकडे मोटर बंद असताना दोनेक व्होल्ट, मोटर चालू केली की सहाच्या पुढे, आणि तेव्हाच ओहमचा शेवटचा आकडा नाचायला लागायचा. अर्थिंगच्या खड्ड्यात काहीच बिघाड नव्हता, सबमर्सिबलच्या केबलचा जॉइंट ओला होऊन करंट गळत होता. इन्सुलेशन टेस्टरने (वायरीच्या वेष्टनातून करंट गळतो का ते बघणारा मीटर) केबल तपासल्यावर ते लगेच दिसलं. जॉइंट नवीन केला, व्होल्टेज खाली बसलं, आकडा स्थिर झाला. म्हणजे रीडिंग नाचतंय म्हणून अर्थिंगमध्ये मीठ-कोळसा ओतत बसलो असतो तर मूळ दुखणं तसंच राहिलं असतं, आणि ते दुखणं जीवघेणं होतं, पाणी सोडायला ओल्या पायाने जाणारा माणूस त्याच स्टार्टरला हात लावतो.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे खुंट्यांचा दिवा. बऱ्याच मॉडेलवर एक छोटा दिवा किंवा खूण असते, सी खुंटीचा जमिनीशी संपर्क पुरेसा असेल तरच ती लागते, काही मॉडेल पी खुंटी पण तपासतात. कोरड्या मुरमात खुंटी ठोकली की ती नुसती भोकात उभी असते, मातीला धरत नाही, मग मीटरला सोडायचा तेवढा करंट जातच नाही आणि आकडा काहीही येतो. उपाय साधा, खुंटीच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी ओता, पायाने माती दाबा, थोडं थांबा. पाणी ओतणं ही फसवणूक नाही का असं मला एकाने विचारलं. नाही. पी आणि सी च्या खुंटीला पाणी घातल्याने रॉडचा आकडा बदलत नाही, फक्त मोजणी नीट होते. फसवणूक तेव्हा होते जेव्हा मोजायच्या आधी रॉडच्या खड्ड्यातच दोन बादल्या पाणी ओततात. तसं कोणी करताना दिसलं तर तो आकडा कागदावर घेऊ नका, दोन दिवसांनी माती सुकली की तो राहणार नाही. खडकावर किंवा काँक्रीटवर खुंटी जात नसेल तर खुंटी आडवी ठेवून त्यावर चिंब ओलं फडकं टाकलं तरी पुष्कळदा काम भागतं.

आता त्या तीन आकड्यांकडे येतो.

२४ कुठून आला? पी ची खुंटी रॉडपासून जेमतेम दोन फुटांवर ठोकली होती. रॉडमधून करंट मातीत शिरतो तेव्हा सगळ्यात जास्त अडथळा रॉडच्या लगतच्या मातीतच असतो, कारण तिथे करंटला पसरायला जागा कमी. पी तिथेच ठोकली की लांबच्या मातीतला अडथळा मोजणीत येतच नाही आणि आकडा कमी दिसतो. उलट पी सी च्या फार जवळ गेली तर सी च्या भोवतालचा अडथळा पण धरला जातो आणि आकडा फुगतो. मधे कुठेतरी एक सपाट पट्टा असतो जिथे पी थोडी पुढे-मागे केली तरी आकडा जवळपास तोच राहतो, तो खरा आकडा. माती एकसारखी असेल तर तो साधारण रॉडपासून सी पर्यंतच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर मिळतो. म्हणून एकच रीडिंग घेऊन पाठ फिरवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पी ६२ टक्क्यांवर, मग ५२ वर, मग ७२ वर, तिन्ही रीडिंग एकमेकांच्या जवळ आली तर आकडा लिहा. चढतच गेली तर सी अजून लांब न्यायला हवी. आणि रेषेची दिशा बदलून, काटकोनात फिरवून पण एकदा बघाच, कारण गावाकडे जमिनीखाली काय काय पुरलेलं असतं, जुनी लोखंडी पाइपलाइन, तारेच्या कुंपणाचे लोखंडी खांब, झटका मशीनच्या अर्थच्या सळ्या. अशा धातूच्या रेषेला समांतर खुंट्या ठोकल्या की करंट मातीऐवजी त्यातूनच पळतो. आमच्या कुंपणाच्या कडेने मोजलं की आकडा कमी यायचा आणि पी हलवली की वेडावाकडा व्हायचा, कुंपणाला आडवी रेषा धरली आणि सगळं शांत.

साडेसहाचं प्रकरण जास्त महत्त्वाचं आहे. त्या वेळी रॉडला लागलेली घराची अर्थ वायर काढलेली नव्हती. ती वायर मेन बोर्डात जाते, तिथून पंपाच्या स्टार्टरला, तिथून केबलमधल्या अर्थच्या तारेने पंपाच्या बॉडीला, आणि पंप लटकलाय लोखंडी पाइपावर, तो पाइप टेकलाय लोखंडी केसिंगला, म्हणजे बोअरच्या भोकात बसवलेल्या नळीला. म्हणजे जमिनीत खोलवर गेलेलं अख्खं केसिंग आमच्या रॉडला समांतर जोडलं गेलेलं. केसिंग एकटंच आठ ओहमच्या आसपासचं, त्याला ३८ समांतर धरा, साडेसहा येतात. हातात भरलेली बादली घेऊन वजनकाट्यावर उभं राहिल्यासारखं झालं ते, काटा बरोबर आहे पण वजन तुमचं एकट्याचं नाही. केसिंग प्लास्टिकचं असतं तर हा प्रकार घडलाच नसता. आणि रीडिंग कधी साडेसहा, कधी मधलंच काहीतरी यायचं त्याचं कारण स्टार्टरच्या डब्यात सापडलं, अर्थची तार ज्या बोल्टखाली होती त्या बोल्टखालचा रंगच खरवडलेला नव्हता. लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, रंगावर बसलेला, बोल्टच्या आट्यांतून जेवढा काय संपर्क होईल तेवढाच, आणि त्यावर गंजाची तांबूस भुकटी. डब्याचं झाकण जरा जोरात लावलं तरी आकडा उडी मारायचा. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं, आता साडेसहा ते साडेसहाच.

असंच काही ठिकाणी मेन बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असतात, पुरवठ्याची पद्धतच तशी असते. तिथे वायर न काढता मोजलं तर लायनीवरची सगळी अर्थिंगं तुमच्या रॉडबरोबर मोजली जातात आणि एक ओहमच्या खालचा सुंदर आकडा येतो, रॉड गंजून अर्धा झालेला असला तरी.

म्हणून रॉड सुटा करून मोजायचा. पण इथे हात जोडून सांगतो, मेन स्विच बंद केल्याशिवाय ती वायर काढू नका. वायर काढलेली असताना घराला अर्थिंग नाही, त्यात कुठे फॉल्ट असेल तर हातातल्या सुट्या टोकावर लायनीचं व्होल्टेज येऊ शकतं. मेन बंद करूनही सुटं टोक आणि रॉड यांच्यात व्होल्टेज आहे का ते आधी मोजा, कारण न्यूट्रलमधून किंवा दुसऱ्याच्या लायनीतून पण येऊ शकतं. आभाळ गडगडत असेल तर त्या दिवशी हे काम नकोच. आणि मोजून झालं की वायर परत लावून, आवळून, मगच मेन चालू. ज्याला यातलं एखादं वाक्य पण नवीन वाटतंय त्याने लायसन्सवाला माणूस बोलवावा, शेजारी उभं राहून बघावं, प्रश्न विचारावेत. माहितीपत्रकात खुंट्यांचं चित्र छान दिलंय पण वायर काढण्याबद्दल एक ओळ नाही, हे मला खटकलं.

आता ३८ ऐकून कोणी म्हणेल, बापरे, वाईट अर्थिंग. वाईट की चांगलं हे समोर कोणतं संरक्षण लावलंय त्यावर ठरतं. नुसत्या एमसीबीच्या (करंट फार वाढला की पडणारा, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच) भरवशावर असाल आणि जमिनीतूनच करंट परत जाणार असेल तर ३८ ओहमवर फेज बॉडीला लागला की २३० भागिले ३८, म्हणजे सहा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरला कधीच पडणार नाही, आणि बॉडीवर जीवघेणं व्होल्टेज तसंच बसून राहणार. अहो साडेसहा ओहमवर पण ३५ अँपिअरच होतात, सी टाइपचा १६ चा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० लागतात, ३५ ला तो आधी गरम होणार आणि मग वेळ घेऊन पडणार. पण ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (थोडासा करंट गळला तरी लाइन तोडणारा स्विच) लावली तर? ३८ गुणिले ०.०३, सव्वा व्होल्टच्या आतच ती पडते. बॉडीवर ५० व्होल्टची मर्यादा धरली तर हिशोबाने १६६७ ओहमपर्यंत चालतं, अर्थात २०० च्या वर गेलेलं अर्थिंग कोरड्या दिवसांत टिकेल याचा भरवसा नसतो, म्हणून तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाही. शेतातल्या घरात आकडा दोनवर आणायचा अट्टाहास करण्यापेक्षा घराला आणि पंपाला आरसीसीबी लावणं हे पहिलं काम, आणि तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघणं. मात्र ते बटण आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही, अर्थची वायर नसली तरी बटण दाबल्यावर ती पडणारच.

आमच्याकडे मग दुसरा रॉड घातला, पहिल्यापासून रॉडच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, दोन्ही जोडून रीडिंग २१ च्या जवळपास. अगदी निम्मं होत नाही, कारण दोघांच्या भोवतालची माती थोडी सामाईक होते, आणि रॉड शेजारी-शेजारी ठोकले तर फायदा अजून कमी. रॉड जाड घेऊन तर फारसं काही मिळत नाही, जाडी दुप्पट केली तरी जेमतेम दहाएक टक्के कमी होतं. खोली वाढवली की मिळतं, कारण खालची माती सहसा जास्त काळ ओली राहते. आमच्या पहिल्या रॉडचा आकडा कोरड्या दिवसांत ३८ आणि चांगला पाऊस झाल्यावर २७ च्या आसपास होता, त्यामुळे आकड्यापुढे तारीख, माती सुकी का ओली, खुंट्या कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर, वायर काढली होती का, एवढं लिहिलं नसेल तर दोन आकड्यांची तुलनाच करू नका.

मीटरच्या उणिवा. सोबत येणाऱ्या वायरी, हिरवी (ई ची) ५ मीटर, पिवळी (पी ची) १०, लाल (सी ची) २०. म्हणजे मीटर रॉडपाशी ठेवून पिवळी-लाल पूर्ण ताणल्या की पी बरोबर मध्यावर, ५० टक्क्यांवर, ६२ वर पोचतच नाही. एकट्या तीन मीटरच्या रॉडला याने फार फरक पडत नाही, दोन-तीन टक्के, पण दोन-तीन रॉड किंवा केसिंग जोडलेलं असेल तर २० मीटर अजिबात पुरत नाही, सी खुंटी अर्थिंगच्या पसाऱ्याच्या निदान पाचपट लांब हवी. मी पिवळी ३० आणि लाल ५० मीटरची वायर वेगळी करून घेतली आणि तुम्हीही तेच करा. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून मोजू नका, पूर्ण उलगडा, आणि लाल-पिवळी एकमेकींना चिकटवून नेऊ नका. खुंट्या पण नाजूक, दगडावर हातोडा बसला की वाकतात. रीडिंग साठवायची सोय नाही, त्याचं मला काही वाटत नाही, वही आहे.

क्लॅम्पवाला अर्थ टेस्टर घ्यावा का असं विचारणारे खूप आहेत, खुंट्या ठोकायला नको म्हणून. तो चिमटा वायरीभोवती लावून बंद लूपचा रेझिस्टन्स मोजतो, म्हणजे करंटला परत यायला दुसरा रस्ता असायलाच हवा. बरीच अर्थिंगं जोडलेली आहेत अशा ठिकाणी तो झकास. पण शेतातल्या घरात एकच सुटा रॉड असेल तर लूपच नाही, तो आकडा देणारच नाही. आणि लूप जमिनीखालून न जाता धातूतूनच पूर्ण होत असेल तर अर्धा ओहम दाखवून मोकळा होतो. अशा घरासाठी मी तो घेणार नाही.

मीटरवरच शंका आली तर घरच्या घरी तपासता येतो, पी आणि सी एकत्र जोडा, त्यांच्यात आणि ई मध्ये १० ओहमचा साधा रेझिस्टर लावा, मीटरने १० च्या जवळपासच दाखवलं पाहिजे. माझ्या मीटरच्या डब्यात तो रेझिस्टर कायम असतो आणि खुंट्या ठोकायच्या आधी मी तो लावून बघतो, बॅटरी उतरलेली असली तरी इथेच कळतं.